दाण्याला धरायचं, पण त्याचा गळा दाबायचा नाही

द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की सांगली जिल्ह्यात तासगाव, पलूस आणि मिरजेच्या पूर्व भागात ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरवरची फवारणी यंत्रं, सुरू होतात. पाऊस रेंगाळला तर डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने औषधाचा नुसता मारा चालतो. ट्रॅक्टरवरच्या माणसाच्या तोंडाला पूर्वी टॉवेल असायचा, करोनानंतर एन-९५ आला, आणि आता दुकानात राखाडी रंगाचा ‘कार्बन मास्क’ टांगलेला दिसतो. हा लावला की औषधाचा गॅस आत जात नाही, असं विकणारा छातीठोकपणे सांगतो. मास्क हातात घेतला तर वजन जवळपास शून्य. इथेच शंका यायला हवी.

फवारणीच्या हवेत औषधाचे तुषार असतात आणि औषधातून, त्यातल्या द्रावकातून उडालेली वाफही असते. तुषार म्हणजे द्रवाचे थेंब. चांगला, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ ते अडवतो, कारण तो ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे कणही ९५ टक्के पकडेल अशा बेताने केलेला असतो. वाफेचा रेणू मात्र १ नॅनोमीटरच्या (मायक्रॉनच्या हजाराव्या भागाच्या) आसपास, म्हणजे त्या कणाच्या काहीशे पट लहान. आता बहुतेकांना वाटतं, मास्कची भोकं आणखी बारीक केली की झालं. तसं नाही. रेणू तंतूवर आदळतो, खूपदा आदळतो, पण मास्कच्या पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या गुळगुळीत तंतूवर त्याला टेकायला जागा नसते. तो पुन्हा सुटतो आणि हवेबरोबर आत जातो. त्याला अडवायला आदळल्यावर धरून ठेवणारा पृष्ठभाग हवा.

असा पृष्ठभाग सक्रिय कोळशाकडे असतो. करवंटीचा कोळसा ८०० ते १,००० अंश सेल्सिअसला पाण्याच्या वाफेच्या झोतात तापवला की त्याच्या अंगात २ नॅनोमीटरपेक्षाही अरुंद भेगा पडतात. इतक्या अरुंद फटीत शिरलेल्या रेणूला दोन्ही भिंती ओढतात, त्यामुळे तो सहजी बाहेर पडत नाही. या भेगांच्या भिंतींचं क्षेत्रफळ ग्रॅमला १,००० चौरस मीटरच्या घरात जातं. आपल्या हिशेबात १ ग्रॅममध्ये दहा गुंठे! लंडनच्या जॉन स्टेनहाउसने १८५४ साली कोळशाचा मुखवटा केला होता. पहिल्या महायुद्धात तर अमेरिकेने गॅस मास्कच्या कोळशासाठी लोकांकडून पीचच्या कोयी गोळा केल्या. म्हणजे कोळसा काय करतो हे जुनंच आहे. खरी डोकेदुखी आहे ती हा भुसभुशीत दाणा नाकासमोर धरून ठेवायचा कसा, ही.

डब्यात भरला तर डबा जड आणि ताठर होतो. शिवाय दाणे हादऱ्याने खाली बसतात, वर फट राहते आणि हवा तीच सोपी वाट धरते. दोन कापडांच्या मध्ये पसरला तर चार दिवसांत सगळा कोळसा हनुवटीपाशी. डिंकासारख्या चिकट पदार्थाने कापडावर चिकटवला तर दाणा हलत नाही हे खरं, पण ज्या भेगांसाठी एवढा खटाटोप केला त्यांचीच तोंडं चिकटा बुजवून टाकतो. त्यातला द्रावकही कोळसाच शोषून घेतो, म्हणजे वापरायच्या आधीच थोडा कोळसा खर्ची पडतो.

यावरचा तोडगा मला फार आवडतो. जत्रेत म्हातारीचे केस करणारा आठवा: वितळलेली साखर बारीक भोकांतून बाहेर फेकली जाते आणि हवेत गोठून तिचे तंतू होतात. इथे साखरेऐवजी पॉलिप्रॉपिलीन असतं, खताची पोती विणतात तेच. ते सुमारे १६५ अंशांना वितळतं. यंत्रात त्याहून बरंच जास्त तापवून पातळ करतात आणि अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान भोकांच्या रांगेतून ढकलतात. भोकांच्या दोन्ही बाजूंनी अतिवेगवान गरम हवेचे झोत येतात आणि प्रत्येक धार ताणून ताणून २ ते ५ मायक्रॉनपर्यंत बारीक करतात. समोर फिरत्या जाळीवर हे तंतू एकमेकांत गुंतून थर धरतात. १९५० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत व्हॅन वेंटे यांनी असे अतिसूक्ष्म तंतू केले. त्यांना वातावरणातले किरणोत्सारी कण पकडायचे होते. ५ मायक्रॉन जाडीचा तंतू काढला तर १ ग्रॅम प्लॅस्टिकचा ५६ किलोमीटर लांब धागा निघतो. साताऱ्यात एक टोक धरलं तर दुसरं कराडला पोचेल.

आता या उडत्या तंतूंच्या झोतात, भोकं आणि जाळी यांच्या मधल्या वाटेवर, कोळशाचे दाणे सोडायचे. तंतू तोवर बऱ्यापैकी गोठलेला असतो, त्यामुळे तो दाण्यावर पसरत नाही, नुसता वेढा घालतो. ५ मायक्रॉनचा तंतू आणि दोन-तीनशे मायक्रॉनचा दाणा. दोघांचा स्पर्श होतो तो ठिपक्याठिपक्यांपुरता. दाण्याचा बाकी सगळा पृष्ठभाग उघडाच राहतो. तरी झटकून दाणा पडत नाही, कारण त्याच्याभोवती सगळीकडून तंतू आडवेतिडवे गेलेले असतात आणि त्यांच्यातली फट दाण्यापेक्षा लहान असते. कुठे चिकटा नाही, कुठे शिवण नाही. कापड वाकतं, घडी पडते, श्वास आरपार जातो. थ्रीएम कंपनीचं या रचनेवरचं अमेरिकी पेटंट १९७६ चं आहे. पुढे रबरासारखे लवचिक तंतू वापरले गेले. ते थंड होताना आक्रसतात आणि दाण्यांना आणखी जवळ ओढतात, त्यामुळे थराच्या वजनात ८० टक्क्यांहून जास्त वाटा कोळशाचा ठेवता येतो.

दाणा केवढा असावा, यातही गंमत आहे. रेणूला दाण्याच्या पोटात झिरपायला लागणारा वेळ आकाराच्या वर्गाप्रमाणे बदलतो. दाणा निम्मा केला की वेळ पावपट होतो. मग पूडच का वापरू नये? कारण डब्यात पूड भरली तर श्वासच ओढवत नाही. तंतूंच्या जाळ्यात दाणे एकमेकांपासून सुटे राहतात, म्हणून तिथे डब्यापेक्षा बारीक दाणा परवडतो.

पुढे आकडेमोड आहे, कंटाळा असेल त्याने हा परिच्छेद सोडावा. समजा, मास्कचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर आहे आणि काम करणारा माणूस मिनिटाला ३० लिटर हवा घेतो, म्हणजे सेकंदाला ५०० घन सेंटिमीटर. भागाकार केला की हवेचा वेग निघतो सेकंदाला अडीच सेंटिमीटर. कार्बनचा थर अर्धा मिलिमीटर असेल तर हवा त्यात राहते सेकंदाचा पन्नासावा भाग. ही झाली सरासरी. श्वास जोरात ओढताना वेग जवळपास तिप्पट होतो. एवढ्या वेळात रेणूने दाणा गाठला पाहिजे. थर जाड आणि दाणे दाट असतील तर गाठतो. कोळशाची नुसती फुंकर मारलेल्या कापडात दोन दाण्यांमधून बिनबोभाट निसटतो. म्हणून मास्कचा रंग पाहू नये, कोळसा किती ग्रॅम आहे ते विचारावं. करोनात गळ्यात बांधलेल्या कापूर-ओव्याच्या पुरचुंडीची कार्बन मास्कला जोड देणारेही भेटतात. कापराची वाफही कोळसा आनंदाने शोषतो. म्हणजे मास्क औषधाऐवजी कापराने भरायचा!

बेदाण्याच्या शेडवरचं प्रकरण वेगळंच. पिवळ्या रंगासाठी गंधकाची धुरी देतात, त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो. साखर कारखान्यात रस स्वच्छ करायला वापरतात तोच वायू. साधा कोळसा त्याला नीट धरत नाही. कोळशाला क्षार पाजावा लागतो, मग रासायनिक क्रिया होऊन वायू अडकतो. असा एक क्षार म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट, ज्याच्या पाण्यात डिपिंग ऑइल घालून आपण बेदाण्याची द्राक्षं बुडवतो! युरोपीय मानकात गाळण्यांवर रंगीत पट्टे असतात: सेंद्रिय वाफांसाठी तपकिरी, सल्फर डायऑक्साइडसाठी पिवळा. फवारणीला तपकिरी आणि धुरीला पिवळा, अशी निवड करावी लागते. कार्बन मोनॉक्साइडला यातलं काहीच अडवत नाही. आणि ऑक्सिजन संपलेल्या आडात किंवा गोबरगॅसच्या टाकीत कुठलाही गाळणीचा मास्क लावून उतरणं म्हणजे आत्महत्याच.

चांगला मास्क घेतला तरी तो औषधांच्या खोलीत खुंटीला टांगू नये. कोळसा रात्रभर तिथलीही वाफ पीत राहतो. शिवाय दिवसा बाहेरच्या बाजूला अडकलेले रेणू हळूहळू थरातून आतल्या बाजूला सरकतात, आणि सकाळी पहिल्याच श्वासाला कालच्या औषधाचा वास येतो. काम झालं की मास्क झिपच्या पिशवीत बंद करून घरात, फवारणीच्या सामानापासून लांब ठेवावा. वास यायला लागला की गाळणी बदलायची, उन्हात वाळवून पुन्हा वापरायची नाही. उन्हाने ओल थोडीफार जाईल, भेगांत रुतलेलं औषध जात नाही. मात्र सगळ्याच औषधांना वास असतो असं नाही, त्यामुळे वास येत नाही म्हणून गाळणी शाबूत आहे असं धरून चालू नये. पाकिटावर दिलेली मुदत पाहावी.