लष्करच्या वाड्यांतलं कटग्लास कुठलं, कधीचं?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत कपाटातून कटग्लासचा (पैलू पाडलेल्या काचेचा) डिकँटर, म्हणजे मद्याची बुचाची सुरई, किंवा फळांचा बाऊल निघाला की उत्तरं दोनच असतात: ‘बेल्जियमचं आहे’ किंवा ‘राजवाड्यातून आलंय’. खरं यातलं काहीही असू शकतं, पण पुरावा सहसा कशालाच नसतो. अशा भांड्याचं वय बऱ्यापैकी ठरवता येतं, कारखाना मात्र क्वचितच कळतो. त्याचं कारण या धंद्याच्या घडणीतच आहे.

लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने १६७४ साली नव्या काचेचं पेटंट घेतलं आणि पुढच्या काही वर्षांत काचेत शिशाचं ऑक्साइड घालण्याची पद्धत बसवली. ही काच जड, कापायला मऊ आणि प्रकाश जास्त वळवणारी. म्हणूनच तिच्यावर खोल पैलू पाडता आले. आधी लोखंडी चाकावर ओली वाळू सोडून खाच पाडायची, मग दगडी चाकावर ती साफ करायची, शेवटी लाकडी चाकावर चकाकी आणायची. फुंकणारे वेगळे, कापणारे वेगळे. कापणारी कित्येक दुकानं कोऱ्या काचा भट्टीवाल्यांकडून विकत घेत, आणि माल खपायचा तो तिसऱ्याच दुकानदाराच्या नावावर. मग भांड्यावर सही कोण करणार?

नक्षी मात्र बोलते, कारण तिच्यामागे कर होता. ब्रिटनने १७४५च्या कायद्याने काचेवर वजनाप्रमाणे कर बसवला, तेव्हा तिथली भांडी हलकी आणि कापकाम उथळ झालं. आयर्लंड या करातून सुटलेलं होतं, म्हणजे तिथे जाड काच परवडत होती. १७८०मध्ये त्याला मुक्त व्यापार मिळाला आणि १७८३मध्ये पेनरोझ मंडळींनी वॉटरफर्डला कारखाना काढला. १८२५मध्ये कर तिथेही पोचला आणि १८५१ला तो कारखाना बंद पडला. आजची वॉटरफर्ड कंपनी १९४७नंतरची. त्यामुळे बुडावर बारीक अक्षरांत कोरलेलं ‘वॉटरफर्ड’ दिसलं की दोनशे वर्षांच्या गप्पा थांबवाव्यात. जुन्या कारखान्याचं नाव काही थोड्या डिकँटरांच्या बुडाशी साच्यातूनच उमटलेलं असे.

ब्रिटनमधला कर १८४५ला उठला आणि जाड काच पुन्हा परवडू लागली. १८५१च्या लंडन प्रदर्शनात बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने २७ फूट उंच काचेचं कारंजं उभं केलं. या कंपनीने १८४०च्या दशकातच कोलकात्यात दुकान थाटलं होतं. संस्थानिक हे तिचं हक्काचं गिऱ्हाईक. फ्रान्सच्या बाकारा या काच कंपनीनेही पुढे मुंबई गाठली. ग्वाल्हेरला जयाजीराव शिंद्यांनी १८७४मध्ये जयविलास राजवाडा बांधला तो या भरातच. दरबार हॉलमधलं एकेक झुंबर साडेतीन टनांचं आणि छत पेलेल का हे पाहायला वर हत्ती चढवले होते, ही गोष्ट इथे प्रत्येकाला पाठ आहे. जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची रेलगाडीही कटग्लासचे डिकँटरच वाहून न्यायची. दरबारात हे पाहिलेल्या सरदारांनी आपल्या घरी तशी हौस केली, यात नवल नाही.

आता खुणा. ब्रिटिश मालावर १८४२ ते १८८३ या काळात पत्त्यांतल्या चौकटसारखी नमुन्याच्या नोंदणीची खूण असे. तिच्या माथ्यावर रोमन तीन असेल तर वर्ग काचेचा. १८८४पासून तिच्या जागी ‘आरडी’ अक्षरं आणि आकडा आला. दोन्हींतून कळते ती नमुना नोंदवल्याची तारीख, भांडं घडवल्याची नव्हे. बाकारा तर १९३६पर्यंत बहुतेक मालाला कागदी लेबलच लावत असे. घासणाऱ्या बाईच्या हाताखाली ते किती टिकणार? ‘चेकोस्लोव्हाकिया’ लिहिलेलं भांडं १९१८च्या आधीचं असूच शकत नाही, कारण तो देशच त्या साली झाला. सगळ्यात भरवशाची खूण काचेवर नसतेच, ती भांड्याच्या गळ्याला बसवलेल्या चांदीवर असते: नांगराचा छाप म्हणजे बर्मिंगहॅम, आणि सोबतच्या अक्षरावरून साल. चांदीचा नुसता मुलामा असेल तर मात्र हे साल मिळत नाही.

खूण नसेल तर बोट फिरवावं. हाताने कापलेली कड टोचते आणि भांड्याची आतली बाजू गुळगुळीत लागते. १८२०च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेल्या दाबकाचेत (साच्यात दाबून घडवलेल्या काचेत) कडा बोथट असतात, आणि साच्याचा सांधा बहुतेकदा नजरेला पडतो. बाजारात कटग्लास म्हणून खपणारा बराच माल याच जातीचा. लाकडी चाकावर घासलेल्या पैलूत भिंगातून बारीक रेघा दिसतात. विसाव्या शतकात आम्लात बुडवून चमक आणायची पद्धत रूढ झाली, तिच्यात त्या विरघळून पैलू किंचित मेणचट दिसतो. बुडाचे ओरखडेही पाहावेत. वापराचे असतील तर वेडेवाकडे. सगळे एकाच दिशेने असतील तर विकणाऱ्याच्या हातात पॉलिशपेपर होता.

(आणि अशा बाऊलमध्ये लोणचं मुरवत ठेवू नये, आंबटाने काचेतलं शिसं उतरतं.)

‘राजवाड्यातून’ या दाव्याला जुनी यादी किंवा पावती नसेल तर फारसा अर्थ नाही. ग्वाल्हेर संस्थान १९४८ला मध्य भारत या नव्या राज्यात विलीन झालं, १९५१च्या कायद्याने जहागिऱ्या गेल्या, मोठे वाडे आवरते झाले. वाटण्यांत आणि विक्रीत संच फुटले, बुचांची अदलाबदल झाली. डिकँटरच्या बुचाच्या दांड्यावर आणि मानेच्या काठावर खरवडलेला बारीक आकडा असतो. लोक तो साल किंवा कारखान्याचा नंबर समजतात. तो जोडीचा आकडा आहे: त्याच मानेला घासून बसवलेलं बूच ओळखता यावं म्हणून. दोन्हीकडे वेगळे आकडे असतील, तर निदान एक वस्तू दुसऱ्याच डिकँटरची आहे.