एका वेळी एकच डुक्कर

कंपाउंड धनुष्यातून सुटलेला शिकारी बाण सेकंदाला साधारण 80 मीटर वेगाने जातो. ऐकायला हा वेग भरपूर वाटतो. पण दोरी सुटताना जो आवाज होतो, तो सेकंदाला सुमारे 340 मीटर धावतो. म्हणजे 25 मीटरवर उभ्या असलेल्या रानडुकराला बाण पोचण्याच्या जवळजवळ पाव सेकंद आधीच दोरीचा आवाज ऐकू येतो. तेवढ्यात जनावर दचकून अंग आखडतं, पळण्यासाठी पाय दुमडतं, आणि बाण पाठीवरून निघून जातो. त्याहून वाईट म्हणजे तो भलत्याच ठिकाणी घुसतो आणि जखमी डुक्कर झाडीत नाहीसं होतं.

टेक्सास, लुइझियाना, जॉर्जिया, फ्लॉरिडा या अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत या पाव सेकंदावर जुना उपाय आहे: कुत्रे. कुत्र्यांनी डुकराला एका जागी रोखून धरलं की तिरंदाज पाच-सहा मीटरपर्यंत येऊ शकतो. तिथून बाण सोडला तर आवाज आणि बाण यांच्या पोचण्यात सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या पाच-सहापट एवढाच फरक उरतो. दचकायलाही तो पुरत नाही. शिवाय डुकराचं सगळं ध्यान समोर भुंकणाऱ्या कुत्र्यांवर असतं. ही शिकार तिथे कायदेशीर आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली ती गुन्हा आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

डुकरं मूळची अमेरिकेची नव्हेतच. 1539 मध्ये हर्नांडो दे सोतो हा स्पॅनिश सरदार फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा सैन्याच्या पोटाची सोय म्हणून त्याने जिवंत डुकरं बरोबर आणली होती. पुढे वसाहती करणाऱ्यांनी पाळीव डुकरं रानात मोकळी चरायला सोडायची रीत पाडली, आणि त्यातली बरीच परत आली नाहीत. 1912 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या हूपर बाल्ड या डोंगरावर युरोपातली अस्सल रानडुकरं शिकारीसाठी आणून कुंपणात ठेवली गेली. कुंपण टिकलं नाही. आज तिथे दिसतात ती बहुतेक या सगळ्यांची सरमिसळ. जात मात्र आपल्या कोकणात नि विदर्भात शेतं उकरणारीच, सस स्क्रोफा. तिथल्या सरकारी अंदाजाप्रमाणे देशात अशी 60 लाखांहून जास्त डुकरं आहेत. टेक्सासच्या 254 काउंट्यांपैकी (म्हणजे जिल्ह्यांपैकी) एक एल पासो सोडली तर सगळीकडे ती पोचली आहेत.

आता कुत्र्याच्या नाकाकडे वळू, कारण या शिकारीतलं खरं अवघड काम नाकच करतं.

आपण श्वास घेतो त्याच वाटेने वासही घेतो. कुत्र्याच्या नाकात या दोन वाटा वेगळ्या होतात. पेनसिल्व्हेनियातल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 मध्ये कुत्र्याच्या नाकपुडीचं संगणकावर प्रारूप करून हवेचा प्रवास तपासला. हुंगताना आत गेलेल्या हवेचा जेमतेम आठवा भाग वरच्या बाजूने मागच्या एका कोनाड्यात जातो, आणि वास ओळखणाऱ्या पेशींची दाटी तिथेच असते. बाकीची हवा सरळ फुप्फुसाकडे. श्वास सोडताना हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरांतून मागे फेकली जाते, त्यामुळे समोरचा ताजा वास विस्कटत नाही. हे सगळं सेकंदाला पाचेक वेळा.

पण वास येणं वेगळं आणि माग कोणत्या दिशेने गेला हे कळणं वेगळं. मागावर आडवा येणारा कुत्रा उजवीकडे वळतो की डावीकडे, यावर सगळा दिवस अवलंबून. नॉर्वेतल्या ओस्लो विद्यापीठात 1993 मध्ये याचा एक सुरेख प्रयोग झाला. चार तरबेज जर्मन शेफर्ड कुत्र्यांना माणसाच्या पावलांच्या मागावर मधूनच, आडवं आणून सोडलं. गवतावरचा माग वीस मिनिटांपूर्वीचा होता, काँक्रीटवरचा तीन मिनिटांपूर्वीचा. कुत्रे आधी भरभर शोधत येत, माग सापडला की वेग कमी करत, दोन ते पाच पावलं नीट हुंगत आणि तीन ते पाच सेकंदांत योग्य बाजूला वळत. लागोपाठच्या दोन पावलांमध्ये वेळेचा फरक सेकंदाभराचाच. वीस मिनिटं जुन्या वासात तेवढ्यामुळे पडणारा फरक त्या नाकाला पुरतो. मला तरी या सगळ्या विषयातली ही सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते. धनुष्यबाण त्यापुढे खेळणं आहे.

गंमत अशी की पलीकडचं नाकही कमी नाही. 2012 मध्ये डुकराच्या जनुकांचा पूर्ण आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा वासाशी संबंधित 1300 च्या आसपास जनुकं त्यात सापडली. कुत्र्यापेक्षा ही संख्या जास्त आहे. वारा शिकाऱ्याच्या पाठीमागून वाहत असेल, तर तिरंदाज दिसण्याच्या कितीतरी आधी डुकराला त्याची खबर लागलेली असते.

मग डुक्कर पळून का जात नाही? लहान डुकरं आणि माद्या बहुधा पळतातच. मोठा नर मात्र थोडा पळून थांबतो. एक तर त्याच्या अंगावर कामाच्या घामग्रंथी जवळजवळ नसतात. अंग थंड ठेवायला त्याला चिखल आणि पाणी लागतं. जोरात पळालं की शरीर तापतं आणि उतरायला वेळ लागतो. म्हणून पाठलाग पुष्कळदा ओढ्यात किंवा डबक्यात संपतो. दुसरं, त्याच्याकडे हत्यार आहे. खालचे सुळे जन्मभर वाढतात आणि प्रत्येक वेळी तोंड मिटताना वरच्या सुळ्यांवर घासून त्यांना धार लागते. झाडाच्या बुंध्याला किंवा ओढ्याच्या काठाला पाठ लावून तो उभा राहिला की मागून कोणी येऊ शकत नाही, आणि समोरून येणाऱ्याला तो फाडतो.

इथे कुत्र्यांचे दोन वेगळे धंदे सुरू होतात. 'बे डॉग' म्हणजे अंतर राखून, गोल फिरत, सतत भुंकत डुकराला अडवणारे. लुइझियानाचा कॅटाहूला आणि तपकिरी अंगाचा, काळ्या तोंडाचा ब्लॅकमाउथ कर हे यातले नावाजलेले. कॅटाहूला तर 1979 पासून त्या राज्याचा अधिकृत कुत्रा आहे. 'कॅच डॉग' म्हणजे सरळ अंगावर जाऊन कान धरून लोंबकळणारे: अमेरिकन बुलडॉग, पिटबुल, किंवा 1920 च्या दशकात अर्जेंटिनातल्या कोर्दोबा इथे मुद्दाम डुकरांसाठी तयार केलेला पांढरा डोगो. आपल्याकडचे कारवान आणि मुधोळ या कामाचे नाहीत. ते नजरेवर धावणारे कुत्रे, दख्खनच्या उघड्या माळासाठी घडलेले. टेक्सासच्या काटेरी झुडपांत नजर दहा पावलांपुढे जात नाही.

तिरंदाजाला यातले पहिलेच चालतात. कॅच डॉगने कान धरला की कुत्रा आणि डुक्कर एकच गुंता होतो. बाण कोणालाही लागेल. तिथे शिकारी सुरा वापरतात. बे डॉग असले तरी बाण आरपार जाऊ शकतो, म्हणून पलीकडे कुत्रा नाही अशी वेळ येईपर्यंत दोरी ताणून थांबावं लागतं. ताणून थांबणं जमतं ते कंपाउंड धनुष्यामुळे. मिसूरीतल्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी 1960 च्या दशकात धनुष्याच्या टोकांना चाकं बसवली. दोरी पूर्ण ताणल्यावर ही चाकं बहुतेक भार पेलतात, आणि ताणायला 30 किलोचा जोर लागणारं धनुष्य सहा-सात किलोच्या जोरावर धरून ठेवता येतं.

बाण मारतो कसा, याबद्दल गैरसमज फार. 27 ग्रॅमचा बाण सेकंदाला 80 मीटर वेगाने गेला तर त्याची ऊर्जा भरते 86 ज्यूल. मध्यमगती गोलंदाजाने ताशी 130 किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत याहून जास्त ऊर्जा असते. रायफलच्या गोळीत तीन हजार ज्यूलच्या वर. गोळी आपल्या धक्क्याने आजूबाजूच्या पेशी फाडते. बाणाला तो धक्का देता येत नाही. त्याचं पातं कापत जातं, रक्तवाहिन्या तुटतात आणि जनावर रक्तस्रावाने मरतं. म्हणून पात्याला वस्तऱ्याची धार लागते, आणि बाण नेमका हृदय-फुप्फुसातून जावा लागतो.

डुकराच्या बाबतीत इथेच घोळ होतो. त्याचं हृदय आणि फुप्फुसं हरणापेक्षा खाली आणि पुढे, पुढच्या पायाच्या आडोशाला असतात. हरणाच्या सवयीने नेम धरणारा पोटात मारतो. त्यातून प्रौढ नराच्या खांद्यांवर कातडीखाली तंतुमय, घट्ट असा काही सेंटिमीटर जाडीचा थर असतो. नर एकमेकांशी खांद्याला खांदा भिडवून, सुळ्यांनी कापत लढतात; वयाबरोबर जाड होत जाणारी ही ढाल त्या लढाईसाठी आहे, बाणासाठी नव्हे. पण बाणालाही ती अडवते. बाण आत गेला तरी वरची चरबी सरकून भोक बुजवते आणि जमिनीवर रक्ताचा थेंब पडत नाही. मग जखमी जनावर शोधायला पुन्हा कुत्र्याचं नाक लागतं. एवढं सगळं जमून येणं किती कठीण आहे हे पाहिलं, की 'बाणाने मारणं जास्त नैसर्गिक' हे म्हणणं मला पटत नाही. नेम चुकला तर ते रायफलपेक्षा क्रूर आहे.

कुत्र्यांनाही याची किंमत मोजावी लागते. गळ्याला रुंद पट्टे, छातीला केवलारची जाकिटं, गळ्यात जीपीएस. तरी टाके घालावेच लागतात. सुळ्यांपेक्षा चोरटा शत्रू म्हणजे स्यूडोरेबीज हा रोग. नाव फसवं, याचा विषाणू रेबीजचा नव्हे, नागीण या आजाराच्या विषाणूच्या कुळातला. अमेरिकेतल्या व्यावसायिक पाळीव डुकरांतून तो 2004 पर्यंत हटवला गेला, पण रानडुकरांत टिकून आहे. डुक्कर चावलं, चाटलं, त्याचं कच्चं मांस खाल्लं की कुत्र्याला तो होतो. अंगाला भयंकर खाज सुटते आणि दोन-तीन दिवसांत कुत्रा जातो. उपचार नाही. ब्रुसेला सुइस हा जीवाणू तर कुत्र्याला आणि डुक्कर सोलणाऱ्या माणसालाही धरतो.

एवढा खटाटोप करून डुकरं कमी होतात का? नाही. टेक्सासमधल्या अभ्यासकांचा हिशोब असा: संख्या आहे तिथेच ठेवायची तर दरवर्षी सुमारे 66 टक्के डुकरं मारावी लागतील, सगळे मार्ग धरून प्रत्यक्षात मरतात 29 टक्क्यांच्या आसपास. मादी सहा-आठ महिन्यांत वयात येते, गाभणपण चार महिन्यांहून कमी, एका वेताला चार-सहा पिल्लं. त्यात कुत्रे कळपातल्या एकाला अडवतात तेव्हा बाकीचे पांगतात. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही एकटं डुक्कर कुत्र्यांना बहुधा सापडे. कळप असला की बरीच निसटत.

टेनेसी राज्याने 1999 मध्ये शिकारीवरची बंधनं सैल करून पाहिली. लोकांना शिकारीची चटक लागली आणि त्यांनी गुपचूप ट्रकमधून डुकरं आणून नव्या जागी सोडली. 15 काउंट्यांतली डुकरं 2011 पर्यंत जवळपास 80 काउंट्यांत पसरली, आणि राज्याला धोरण उलटं फिरवावं लागलं. मिसूरीच्या वन्यजीव खात्याने 2016 मध्ये आपल्या जमिनींवर डुकरांची शिकारच बंद केली. तिथे आता मोठे गोल पिंजरे लावतात. मका टाकून कळपाला दिवसेंदिवस सवय लावायची, कॅमेऱ्यात अख्खा कळप आत दिसला की मोबाइलवरून दार पाडायचं. अशा वेळी कोणी कुत्रे घेऊन आलं तर आठवड्यांची मेहनत वाया.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा वाद लांबचा वाटेल. त्याच्याकडे जुन्या साड्यांचं कुंपण, फटाके, रात्रीची राखण आणि परवडलं तर झटका मशीन. पीक खाणारं डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी. पण कळपातलं एखादं मारून उरलेले शेजारच्या शिवारात पांगले, तर नुकसान तेवढंच राहतं, हे जीवशास्त्र तिथलं आणि इथलं एकच.

कुत्र्यांचा खरा उपयोग दिसला कॅलिफोर्नियाजवळच्या सांता क्रूझ बेटावर. तिथे एकोणिसाव्या शतकात सुटलेली डुकरं होती. त्यांच्या पिल्लांवर जगायला सोनेरी गरुड आले आणि जाता-येता बेटावरचे छोटे कोल्हे उचलू लागले. कोल्हे शंभराच्या खाली गेले. 2005 मध्ये बेट कुंपणांनी पाच भागांत वाटून न्यूझीलंडहून आलेल्या व्यावसायिक शिकाऱ्यांनी काम सुरू केलं. आधी पिंजरे, मग हेलिकॉप्टर, आणि पिंजऱ्याला फसत नाहीत अशी हुशार, एकटीदुकटी डुकरं उरल्यावर कुत्रे. पाच हजारांवर डुकरं मारली गेली आणि 2007 मध्ये बेट डुक्करमुक्त जाहीर झालं.