जुनी अमेरिकन गाडी नेमक्या कुठल्या कारखान्यातली? नंबर कसा वाचायचा, कागद कुठून मागवायचे

साठ-सत्तरच्या दशकातली मस्टँग, कॅमेरो किंवा चॅलेंजर बघायला गेलात की विकणारा पहिलं वाक्य टाकतो, "ओरिजिनल कॅलिफोर्निया कार आहे", आणि तिथेच किंमत चढते. ती खरंच तिकडे असेंबल झाली की डिट्रॉइटच्या बाजूला, हे बघायला कुठल्या ऑफिसात खेटे मारावे लागत नाहीत, बहुतेक वेळा गाडीचा नंबरच सांगतो. कंपनीचा कागद मात्र मागवावा लागतो आणि तो कुठल्या गाडीला मिळतो, कुठल्या गाडीला जन्मात मिळणार नाही, हे माहीत नसलं की पैसे फुकट जातात.

आधी एक. १७ अंकी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून आला, त्याआधी प्रत्येक कंपनीची आपापली पद्धत होती. म्हणून नेहमीच्या गाडी-हिस्टरीवाल्या साइटवर जुना नंबर टाकला की एरर येतो, त्यावरून गाडीत काही काळंबेरं आहे असं समजू नका.

फोर्डच्या मस्टँगचं सोपं आहे. नंबरातला पहिला आकडा मॉडेलचं वर्ष आणि दुसरं अक्षर कारखाना. एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे, टी म्हणजे मेटाचेन. समजा नंबर "६टी०७सी" असा सुरू होतोय, तर १९६६ ची, मेटाचेनला जोडलेली हार्डटॉप, २८९ क्युबिक इंचाचं, दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरवालं व्ही-एट इंजिन, आणि पुढचे सहा आकडे म्हणजे अनुक्रमांक. हा अनुक्रमांक प्रत्येक कारखान्यात दरवर्षी १००००१ पासून सुरू व्हायचा आणि त्याच लाइनवरच्या फोर्डच्या दुसऱ्या गाड्याही त्यातच मोजल्या जायच्या, त्यामुळे "ही अमुकावी मस्टँग" असं कोणी त्या आकड्यावरून सांगत असेल तर ऐकून सोडून द्या.

गंमत म्हणजे मेटाचेनचा तो कारखाना होता न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, २००४ ला बंद झाला. तिथल्या ओक ट्री रोडच्या भारतीय बाजारात भाजी घेणाऱ्या आपल्या किती लोकांना हे माहितीये कोण जाणे. आणि सॅन होजेचा म्हणतात तो खरं तर मिलपिटसला, १९८३ ला बंद पडला, आज तिथे ग्रेट मॉल आहे, म्हणजे बे एरियातल्या निम्म्या मराठी घरांनी त्या कारखान्याच्या छपराखाली शॉपिंग केलेलं आहे.

हे अक्षर खोटं पकडायलाही कामी येतं. मस्टँग डिअरबॉर्नला मार्च १९६४ मध्ये बनायला लागली, सॅन होजेला त्याच वर्षी जुलैत, आणि मेटाचेनला थेट फेब्रुवारी १९६५ मध्ये. म्हणजे जाहिरातीत "साडेचौसष्टची अर्ली कार", म्हणजे १९६४ मधल्या अगदी पहिल्या खेपेतली, असं लिहिलंय आणि नंबरात टी आहे तर तो विषय तिथेच संपला. (साडेचौसष्टच्या गाड्यांचाही पहिला आकडा ५ च असतो, त्यात संशय घेऊ नका.)

जीएम (जनरल मोटर्स, कॅमेरो-शेव्हेल बनवणारी) आणि क्रायस्लर (चॅलेंजरवाली) यांच्या नंबरात कारखान्याचं अक्षर सातवं. जीएमची ही पद्धत १९६५ ते १९७१, क्रायस्लरची १९६६ पासून. १९६७ ची व्ही-एट कॅमेरो कूप "१२४३७७" अशी सुरू होते आणि पुढे एन असेल तर ओहायोतलं नॉरवुड, एल असेल तर लॉस एंजेलिसचं व्हॅन नाइज. १९७० च्या शेव्हेलला झेड असेल तर फ्रीमॉन्ट, जिथे आज टेस्ला बनते. १९७० च्या चॅलेंजरला बी म्हणजे मिशिगनमधलं हॅमट्रॅमिक आणि ई म्हणजे लॉस एंजेलिस.

नंबर कुठून वाचायचा हे जास्त महत्त्वाचं. मस्टँगच्या ड्रायव्हर साइडच्या दाराच्या कडेला रिव्हेट मारलेली पत्र्याची प्लेट असते, त्यावर नंबर, रंग, तारीख सगळं असतं आणि सगळे तिचाच फोटो पाठवतात. पण दार बदललं की प्लेटही गेली, आणि नव्या प्लेटी बाजारात सर्रास बनवून मिळतात. खरा नंबर बॉनेट उघडून बघा, डाव्या बाजूच्या आतल्या फेंडरच्या पत्र्यावर ठोकलेला असतो, फेंडरच्या कडेला खाच असते तिथून दिसतो. गंज, ग्रीस काहीही असो, पुसा आणि स्वतः फोटो काढा. १९६८ च्या मस्टँगला डॅशबोर्डवर पॅसेंजरच्या बाजूला, १९६९ पासून ड्रायव्हरच्या बाजूला काचेतून दिसतो. हे सगळे नंबर एकमेकांशी आणि टायटलशी, म्हणजे मालकीच्या कागदाशी, अक्षर न अक्षर जुळले पाहिजेत. न जुळणारी गाडी कितीही स्वस्त असली तरी हात लावू नका, कारण व्हीआयएन मुद्दाम बदलणं किंवा काढणं हा अमेरिकेत फेडरल गुन्हा आहे आणि नंतर निस्तरायला तुम्हीच असता.

आता कागद. १९६७ पासूनच्या फोर्ड, मर्क्युरी, लिंकनसाठी अॅरिझोनातल्या मार्टी ऑटो वर्क्सकडे फोर्डचा प्रॉडक्शन डेटाबेस लायसन्सवर आहे, तिथून मार्टी रिपोर्ट मिळतो. स्टँडर्ड, डिलक्स, एलिट असे तीन प्रकार, कारखाना कळण्यापुरता सगळ्यात स्वस्तवाला पुरतो, महागडा फ्रेम करून भिंतीवर लावायला ठीक आहे. पात्रता म्हणाल तर गाडी तुमच्या नावावर असायलाच पाहिजे असं नाही, नंबर बरोबर पाहिजे आणि फी भरायची, म्हणून घ्यायच्या आधीच मागवा. १९६५-६६ च्या मस्टँगला मात्र हा रिपोर्ट नाही. कोणी जादा पैसे घेऊन देतो म्हणाला तरी नाही, तिथे नंबर आणि दाराची प्लेट यावरच भागवायचं.

पॉन्टिअॅकवाल्यांचं नशीब चांगलं, पीएचएस म्हणजे पॉन्टिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे १९६१ पासूनच्या गाड्यांची कंपनीची कागदपत्रं आहेत, तिथेही नंबर द्यायचा आणि फी भरायची. क्रायस्लरचे गाडीवार बिल्ड रेकॉर्ड १९३० ते १९६७ पर्यंतचेच मायक्रोफिल्मवर टिकलेत, म्हणजे नेमक्या ज्या गाड्यांना आज लाखोंची किंमत येते त्यांचेच नाहीत. त्यांच्यासाठी बॉनेटखालची कोड ठोकलेली छोटी प्लेट म्हणजे फेंडर टॅग, आणि सीटच्या स्प्रिंगमध्ये कधीकधी सापडणारा ब्रॉडकास्ट शीट नावाचा, गाडी कशी जोडायची ते लिहिलेला कारखान्यातला मळकट कागद, तो सापडला तर सोन्याहून पिवळं. साठ-सत्तरच्या शेव्हर्लेला जीएमकडून जनरल माहिती मिळते, तुमच्या गाडीची अशी नाही. तिथे बॉनेटखाली फायरवॉलवरची प्लेट वाचा. गाडी मुळात कॅनडात विकलेली असेल तर जीएम कॅनडाच्या रेकॉर्डमधून कागद निघू शकतो.

आणि कुठे जोडली व कुठे विकली हे वेगळं. मस्टँगच्या दारावरच्या प्लेटवर डीएसओ म्हणून दोन आकडे असतात, ते ऑर्डर कुठल्या विभागाची हे सांगतात, ७१ म्हणजे लॉस एंजेलिस. पण आर आणि ७१ दोन्ही असले तरी पुढची पन्नास वर्षं गाडी मिशिगनच्या, हिवाळ्यात बर्फासाठी मीठ टाकलेल्या, गंज आणणाऱ्या रस्त्यांवर फिरली नाही याची ग्यारंटी कुठलाच कागद देत नाही, गाडी वर उचलून खालचा पत्रा बघायलाच लागतो.

भारतात गाडी असणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. आपल्याकडच्या कित्येक अमेरिकन गाड्या अमेरिकेत जोडलेल्याच नाहीत, सुटे भाग पेट्यांमधून यायचे आणि असेंब्ली मुंबईत. जीएमचा कारखाना शिवडीला १९२८ पासून, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास प्रीमियर कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडायला लागली. इथली फोर्ड तर फोर्ड कॅनडाची उपकंपनी होती, म्हणून जुन्या फोर्डचा माग अमेरिकेऐवजी कॅनडाकडे गेला तर चक्रावू नका.

अशा गाडीची व्हिंटेज नोंदणी २०२१ च्या केंद्रीय नियमांनी होते. गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, दुचाकी किंवा चारचाकी, खाजगी वापराची, आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा. परिवहन पोर्टलवर नोंदणीचा अर्ज म्हणजे फॉर्म २०, सोबत इन्शुरन्स, आधीची नोंदणी असेल तर आरसी, बाहेरून आणलेली असेल तर बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टम्सचा आयातीचा कागद. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००. आरसी ६० दिवसांत द्यायची असं नियमात आहे, ती १० वर्षं चालते. नंबर राज्याच्या कोडनंतर व्हीए असा येतो, पण आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, आणि माझं म्हणणं विचाराल तर तो सोडूच नका.

गाडी ओरिजिनल आहे का हे राज्याची समिती बघते, तेव्हा कारखान्याचा रिपोर्ट किंवा प्लेटांचे फोटो यादीत मागितलेले नसले तरी जोडून द्या. नोंदणी झाल्यावर रोज ऑफिसला न्यायची परवानगी नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, मेंटेनन्स अशा ठराविक कामांसाठीच रस्त्यावर काढायची. विकलीत तर ९० दिवसांच्या आत घेणाऱ्यानेही आणि विकणाऱ्यानेही आपापल्या राज्याच्या परिवहन खात्याला कळवायचं असतं.