सिव्हिलच्या पायरीआधी

पूर्वी सोलापूरकडे येणाऱ्या रस्त्यावर अपघात झाला की पहिलं वाक्य ठरलेलं: 'सिव्हिलला घ्या.' नाव छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, पण लोकांच्या तोंडी सिव्हिलच. पुणे-हैदराबाद महामार्गावर मोहोळजवळ कुणी पडला, तर मिळेल त्या जीपमध्ये नाहीतर टमटममध्ये घालायचं, एकाने डोकं मांडीवर घ्यायचं आणि गाडी दामटायची. उपचार सुरू होणार ते सिव्हिलच्या पायरीपासून पुढे. मधला तीसेक किलोमीटरचा रस्ता देवाच्या भरवशावर. मोडलेली मान अशा उचलाउचलीत हलली, की वाचू शकणारा माणूसही कायमचा लुळा पडायचा.

जखमीकडे दवाखाना न्यायचा, हा विचार रणांगणावरचा. नेपोलियनच्या सैन्यातले सर्जन दोमिनिक लारे यांनी १७९० च्या दशकात घोड्यांच्या हलक्या गाड्या लढाई चालू असतानाच जखमींकडे धाडल्या. स्पेनच्या यादवीत नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन सर्जनने रक्ताच्या बाटल्या गाडीत भरून आघाडीवर नेल्या. पुढे ते चीनमध्ये गेले आणि तिथेच १९३९ मध्ये वारले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा नंतर ज्यांनी सांभाळली, ते आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. आघाडीच्या जवळ, हाताशी असेल तेवढ्या साधनांत त्यांनी शस्त्रक्रिया केल्या आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच देह ठेवला. त्यांच्याबद्दल बोलताना आपण त्याग सांगतो. जखमी जिथे पडतो तिथल्या जवळ डॉक्टर हवा, हे त्यांनी जगून दाखवलं, तेही तितक्याच आवर्जून सांगायला हवं.

१९६६ मध्ये बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र रुग्णवाहिकेत बसवलं. आपल्याकडे मात्र गाडीआधी एक भीती आडवी होती: पोलीस केस. एका स्कूटरस्वाराला रुग्णालयाने घेतलं नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्यायला सांगितलं आणि तो वाटेतच गेला. त्या बातमीवरून परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८९ मध्ये न्यायालयाने बजावलं की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणं आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर. माझ्या मते आपल्याकडच्या रुग्णवाहिका सेवेचा खरा पाया तो निकाल आहे. नुसत्या गाड्या आणून लोक पुढे आले नसते.

२००५ मध्ये हैदराबादेतून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये आली, ९३७ रुग्णवाहिका घेऊन. त्यांतल्या २३३ गाड्यांत व्हेंटिलेटरसारखी प्रगत साधनं होती. आपल्याकडचं वेगळेपण असं की गाडीत डॉक्टर असतो. मानेला कॉलर लावायची, कडक फळीवर माणूस सरळ धरून सरकवायचा, तोंडातलं रक्त ओढून काढून श्वासाची वाट मोकळी करायची, मग ऑक्सिजन. ही सगळी कामं आता रस्त्याच्या कडेलाच होतात.

२०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला. जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला त्यातून संरक्षण मिळालं. त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. टमटमवाल्यांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे? १०८ लावल्यावर फोन पुण्यात वाजतो. तिथल्या माणसाला आपला फाटा ठाऊक नसतो. तालुका, गाव, जवळचा ढाबा किंवा किलोमीटरचा दगड, एवढं सांगितलं की गाडी निघते.