मायक्रोवेव्हचे दार आणि त्यामागील नियमांची पार्श्वभूमी

मुंबईतील अनेक घरांत मायक्रोवेव्ह सुरू असताना मुलांना त्याच्यासमोरून बाजूला सारले जाते, कारण ‘किरणे लागतात’ ही भीती आजही टिकून आहे. मात्र त्याच घरात हा ओव्हन फ्रिजबरोबर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर चालत असेल, तर त्याची फारशी चिंता कोणी करत नाही. किरणांचा प्रश्न पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी कायद्याने आणि यंत्ररचनेने बराचसा सोडवला आहे. उरलेले धोके उष्णतेचे, वाफेचे आणि विजेचे आहेत, आणि त्यांची जबाबदारी प्रामुख्याने वापरणाऱ्यावर येते.

या यंत्राचे मूळ युद्धात आहे. १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी रडारसाठी शक्तिशाली सूक्ष्मतरंग (मायक्रोवेव्ह) निर्माण करणारा मॅग्नेट्रॉन तयार केला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश शिष्टमंडळाने तो अमेरिकेत नेला. तेथील रेथिऑन कंपनीत काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातील गोड वडी चालू मॅग्नेट्रॉनजवळ वितळली, असे सांगितले जाते. पुढच्या प्रयोगांत एक अंडे फुटून उडाल्याचीही हकीकत आहे. म्हणजे कवचासह अंडे आत ठेवू नये, हा धडा ओव्हन बाजारात येण्याआधीच मिळाला होता. स्पेन्सर यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. १९४७ च्या सुमारास आलेला पहिला व्यावसायिक ओव्हन सुमारे १.८ मीटर उंच आणि ३४० किलो वजनाचा होता, आणि तो थंड ठेवण्यासाठी पाण्याची जोडणी लागे. ओट्यावर मावणारे, ४९५ डॉलरचे अमाना कंपनीचे मॉडेल १९६७ मध्ये आले आणि मग हे यंत्र खऱ्या अर्थाने घरात शिरले.

घरात शिरताच सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहिला. काही रंगीत दूरचित्रवाणी संचांतून क्ष-किरण बाहेर पडत असल्याचे त्याच सुमारास उघडकीस आले होते, आणि त्या अस्वस्थतेतून अमेरिकेने १९६८ मध्ये इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या प्रारणावर (रेडिएशनवर) नियंत्रण ठेवणारा कायदा केला. त्याखाली १९७१ पासून ओव्हनसाठी मर्यादा लागू झाली: ओव्हनच्या संपूर्ण आयुष्यात, पृष्ठभागापासून सुमारे ५ सेंटिमीटर अंतरावर, दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉटपेक्षा जास्त गळती होता कामा नये. दार उघडताच तरंग थांबवणारी किमान दोन स्वतंत्र कुलूपयंत्रणाही सक्तीची झाली. दाराच्या काचेतील जाळीची भोके मिलिमीटरभर, तर तरंगलांबी सुमारे १२ सेंटिमीटर, म्हणून प्रकाश बाहेर येतो आणि तरंग आतच अडतात. हे तरंग अन्न तापवतात, ते किरणोत्सारी करत नाहीत, आणि यंत्र बंद होताच नाहीसे होतात.

मुंबईला सूक्ष्मतरंगांची ओळख स्वयंपाकघराच्या आधी प्रयोगशाळेत झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७७ मध्ये सुरू झालेल्या विभागातून पुढे सूक्ष्मतरंगांवर संशोधन करणारी ‘समीर’ ही संस्था उभी राहिली, आणि पवईच्या आयआयटी परिसरात तिचे काम चालते. मध्यमवर्गीय घरांत ओव्हन रुळला तो १९९१ च्या उदारीकरणानंतर, आणि तोही बल्ब-पंख्यांपुरते वायरिंग केलेल्या जुन्या इमारतींत. अन्नाला ८०० वॉट देणारा ओव्हन मुख्य विजेतून साधारण १२०० वॉट घेतो, आणि ग्रिल किंवा कन्व्हेक्शन असेल तर २००० वॉटच्याही पुढे जातो. २३० व्होल्टला ६ अँपिअरचा पॉइंट १३८० वॉटपर्यंतच पुरतो. म्हणूनच अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा. मोठा प्लग ६ अँपिअरच्या पॉइंटमध्ये बसवणारी कन्व्हर्टर पिन लावून भागवू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

तरंग अन्नात काही सेंटिमीटरच शिरतात आणि आतील जागेत त्यांचा जोर सर्वत्र सारखा नसतो. फिरती तबकडी ही असमानता कमी करते, नाहीशी करत नाही. त्यामुळे वरण किंवा भात मध्येच ढवळावा, आणि बाहेर काढण्यापूर्वी मिनिट-दोन मिनिटे तसाच राहू द्यावा. भाताबाबत आणखी एक दक्षता घ्यावी लागते: मुंबईच्या दमट उकाड्यात तो तासन्‌तास बाहेर राहिला, तर त्यात वाढणाऱ्या जिवाणूंचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही, म्हणून उरलेला भात लवकर फ्रिजमध्ये ठेवावा. गुळगुळीत कपातील साधे पाणी न उकळता उत्कलनबिंदूच्या पुढे तापू शकते आणि चमचा किंवा कॉफी टाकताच उसळून हात-तोंड भाजते. बाळाची दुधाची बाटली बाहेरून कोमट लागली तरी आतील दूध चटका देणारे असू शकते. ती गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवणेच योग्य. स्टीलचा डबा, फॉइल आणि सोनेरी कडांचे कप आत ठेवू नयेत, आणि घट्ट झाकणाच्या डब्याचे झाकण सैल करावे.

समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत बिजागऱ्या आणि आतील रंगाखालचा पत्रा गंजण्याची शक्यता असते. दार वाकले असेल, नीट बसत नसेल किंवा कडेला गंज चढला असेल, तर ओव्हन वापरणे थांबवावे. तो घरी उघडू मात्र नये: आतील कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, हजारो व्होल्टचा भार प्लग काढल्यानंतरही काही काळ राहू शकतो, आणि हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच द्यावे.