सामुदायिक गृहपरिचर्या, केरळमधील

कर्करोग, पक्षाघात, मूत्रपिंडाचे दुखणे किंवा वार्धक्य यांमुळे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची घरी जाऊन केली जाणारी शुश्रूषा. केरळात ही सेवा आधी स्वयंसेवकांनी उभी केली, शासन मागाहून आले. १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल व डॉ. सुरेशकुमार यांच्या पुढाकाराने कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात वेदनाशमन व उपशामक सेवेची, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास हलका करणाऱ्या सेवेची, संस्था स्थापन झाली. रुग्णालयाच्या खेपा न झेपणाऱ्यांसाठी पुढे गावोगावी स्वयंसेवकांचे गट झाले. मलप्पुरम जिल्ह्यात त्यांचे जाळे विशेष दाट होते. खर्च दुकानांतल्या दानपेट्या आणि लहान वर्गण्यांतून भागे.

२००८ मध्ये राज्याने उपशामक सेवेचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. असे धोरण आखणारे भारतातील हे पहिले राज्य. शासनाने संस्थांना नुसते अनुदान देऊन हात झटकले नाहीत. ग्रामपंचायत किंवा नगरपालिका आपल्या विकास आराखड्यात या सेवेचा प्रकल्प घेते आणि त्यातून परिचारिकेचे मानधन, गाडी, औषधे व साहित्य यांचा खर्च होतो. देखरेख प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे असते. रुग्ण शोधणे, घरच्यांना धीर देणे, शिधा किंवा मुलांच्या शाळेची सोय पाहणे हे मात्र स्वयंसेवकांचे आणि आशा कार्यकर्तीचे काम. ते पगारी माणसाकडून होत नाही.

गृहभेटीत जखमेची मलमपट्टी, नाकातून अन्न देण्याची नळी आणि लघवीची नळी बदलणे ही कामे येतात. साध्या लेटेक्सची लघवीची नळी साधारण दोन ते चार आठवड्यांत बदलावी लागते, पूर्ण सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत चालते. त्यामुळे खरेदीत स्वस्त नळी घेतली की वाचलेला पैसा जादा फेऱ्यांत जातो. लघवीची नळी मूत्राशयात धरून ठेवणारा फुगा निर्जंतुक पाण्याने भरतात. सलाइन वापरल्यास क्षार साचून तो नंतर रिकामा न होण्याचा धोका असतो. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली हवी. दुर्गंधी येणाऱ्या जखमेवर मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक औषधाच्या गोळीची पूड टाकतात. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. ते घरचेच करणार, म्हणून त्यांना शिकवण्यात गेलेला वेळ वाया गेला असे समजू नये.

मॉर्फिन हे तीव्र वेदनेवरचे अफूजन्य औषध परिचारिका स्वतःच्या अखत्यारीत सुरू करू शकत नाही. २०१४ च्या अमली पदार्थ कायदा दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवता येते, पण तेथे वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर लागतो. मॉर्फिनसोबत रेचक द्यायचे राहिले, तर बद्धकोष्ठाला कंटाळून रुग्ण गोळीच सोडतो.

व्यवस्था अडते ती बहुधा सांध्यांवर. आराखड्याची मंजुरी लांबली की मानधन थकते आणि कंत्राटी परिचारिका दुसरीकडे जाते. नव्या परिचारिकेला घरे, वाटा, जखमा सगळे पुन्हा समजून घ्यावे लागते. पंचायत आणि संस्था यांची रुग्णनोंद वेगवेगळी असेल, तर एका घरी दोन पथके पोचतात आणि शेजारचे घर राहून जाते. त्यासाठी प्रत्येक रुग्णाच्या घरीच एक वही ठेवावी आणि जो येईल त्याने तारीख, केलेले काम व पुढची भेट तीत लिहावी.