झगा उतरला, नियमावली आली

मुंबई-पुण्याकडच्या नव्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये वर्शिप टीमला, म्हणजे उपासनेत गाणाऱ्या-वाजवणाऱ्या गटात, कुणी नवीन आले की गाण्यांच्या यादीपाठोपाठ पोशाखाच्या सूचनाही हाती पडतात, बहुधा व्हॉट्सॲपवर. कुर्ता गुडघ्यापर्यंत असावा. गळा खोल नको. जीन्स फाटकी नको. टी-शर्टवर कंपनीचे नाव नको. दोन्ही हात वर केले तरी पोट उघडे पडता कामा नये. कापड पातळ असेल तर मागच्या दिव्यात ते आरपार दिसते, तेव्हा आतून अस्तर हवे. अमेरिकेतल्या मंडळ्यांच्या सूचना वाचल्या तर कुर्त्याच्या जागी स्कर्ट आणि लेगिंग्ज येतात. बाकी मजकूर जवळपास तोच.

हे जुन्या कर्मठ चर्चचे उरलेसुरले सोवळे आहे, असा अनेकांचा समज असतो. पण गाणाऱ्यांसाठी अशा कलमवार याद्या निघू लागल्या त्या गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत. त्याआधी त्यांची फारशी गरजच पडत नव्हती. गाणारा एक तर लोकांच्या नजरेआड असायचा, नाहीतर झग्यात असायचा.

या याद्यांना आधार म्हणून शास्त्रवचने जोडलेली असतात. ती नीट वाचली तर गंमत दिसते. उपासनेच्या जागी अंग झाकण्याबद्दलचा सर्वांत आधीचा दंडक पुरुषांसाठी आहे. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायाच्या शेवटी देव सांगतो, माझ्या वेदीला पायऱ्या करू नका, चढताना तुमची नग्नता दिसेल. पुढे अठ्ठाविसाव्या अध्यायात याजक अहरोन आणि त्याच्या मुलांसाठी कंबरेपासून मांडीपर्यंत तागाचे चोळणे शिवायला सांगितले आहेत, आणि ते न घालता सेवेला उभे राहिलात तर मराल, अशी तंबीही आहे. कारण अगदी व्यवहारी आहे: उंचावर उभा असलेला माणूस खालून दिसतो. चार फूट उंचीचे स्टेज बांधणाऱ्या मंडळ्यांना हे वचन प्रेषित पौलाच्या कुठल्याही वचनापेक्षा जास्त लागू पडते, पण याद्यांमध्ये ते क्वचितच असते.

गाणाऱ्यांच्या कपड्यांचा थेट उल्लेख इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात येतो. शलमोनाच्या मंदिराच्या अर्पणाच्या वेळी आसाफ, हेमान, यदूथून आणि त्यांचे भाऊबंद तलम तागाची वस्त्रे घालून, झांजा आणि वीणा घेऊन वेदीच्या पूर्वेला उभे होते. सगळ्यांना एकच वेश, म्हणजे निवडीचा प्रश्नच नाही. दाविद राजाची गोष्ट मात्र नियम नकोत म्हणणारे आणि हवेत म्हणणारे, दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने सांगतात. तागाचे एफोद, म्हणजे याजकाचे वस्त्र, घालून तो देवाच्या कराराच्या कोशापुढे बेभान नाचला, आणि दासींच्या देखत उघडा पडलास म्हणून त्याची बायको मीखल त्याला टोचून बोलली. एक बाजू नाचावर बोट ठेवते, दुसरी मीखलच्या तक्रारीवर.

नव्या करारातले सर्वांत जास्त वापरले जाणारे वचन १ तीमथ्य २:९. इफिसच्या मंडळीसंदर्भात लिहिताना पौल स्त्रियांना मर्यादेने राहा म्हणतो, आणि लगेच काय टाळायचे तेही सांगतो: केसांच्या गुंफणी, सोने, मोती, मोलाची वस्त्रे. किती अंग झाकावे याचे माप तिथे नाही. इफिससारख्या श्रीमंत बंदरात सोने माळून सभेला येणाऱ्या बायका आणि त्याच सभेत बसलेले दास, असे चित्र डोळ्यांपुढे आणले की रोख कुठे आहे ते कळते. पेत्राच्या पहिल्या पत्रातही तोच सूर आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस नामांकित प्रवचनकार योहान ख्रिसोस्तोमने याच वचनावर प्रवचन करताना दागिने घालून आलेल्या स्त्रियांना सुनावले, की प्रार्थनेला आलात की नाचाला आणि लग्नाला?

पाळकवर्गाचा वेगळा वेश तर आरंभी अनेकांना रुचतच नव्हता. इ.स. ४२८ मध्ये पोप सेलेस्टिन पहिला याने दक्षिण गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, बिशपांना पत्र लिहून झापले. आपण लोकांहून वेगळे दिसावे ते शिकवणुकीने, कपड्यांनी नव्हे, असे त्याचे म्हणणे. पुढे झगे आलेच, आणि मठांतून, कॅथेड्रलांतून गाणाऱ्या पुरुषांच्या आणि मुलांच्या अंगावरही ते चढले.

साधेपणाचा पैशाशी असलेला संबंध प्रोटेस्टंटांत सर्वांत ठासून मांडला तो मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्लीने. मेथडिस्टांच्या छोट्या गटांसाठी १७४४ मध्ये केलेल्या नियमांत अंगठ्या, कानातले, गळ्यातले, लेस, झालरी वर्ज्य होत्या. १७६० मध्ये त्याने पोशाखावर वेगळी पुस्तिका काढली. उतारवयात केलेल्या प्रवचनात तर, गरजेपेक्षा जास्त जे काही अंगावर खर्चले ते गरिबांचे रक्त आहे, इथपर्यंत तो गेला. कपड्यावर वाचवलेला पैसा उपाशी माणसाच्या पोटात जावा, हा त्याचा साधा हिशेब होता. आजच्या याद्यांतून हा हिशेब जवळजवळ गळून पडला आहे.

आता गाणाऱ्यांकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इंग्लंडच्या खेड्यांतल्या चर्चमध्ये गाणारे-वाजवणारे पश्चिमेच्या माडीवर, म्हणजे लोकांच्या पाठीमागे बसत. गावातलेच कारागीर आणि मजूर. कुणाकडे फिडल, कुणाकडे क्लॅरिनेट. गाणे सुरू झाले की मंडळी चक्क मागे वळून उभी राहत. या लोकांनी काय घातले आहे याची उठाठेव कुणी करत नव्हते. तक्रारी असत त्या त्यांच्या पिण्याबद्दल आणि बेसूर वाजवण्याबद्दल.

१८३०-४० च्या दशकांत ऑक्सफर्ड चळवळीच्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्चला जुन्या कॅथलिक विधींकडे वळवू पाहणाऱ्या चळवळीच्या, वाऱ्याने हे बदलले. माड्या उतरवल्या गेल्या, वाद्ये जाऊन ऑर्गन आले, आणि क्वायर, म्हणजे गाणाऱ्यांचा संच, उचलून पुढे, वेदीच्या अलीकडे समोरासमोरच्या बाकांवर आणून बसवले गेले. पुढे आणल्याबरोबर त्यांच्या अंगावर पांढरा झगा, म्हणजे सर्प्लिस, चढला. १८४१ मध्ये नव्याने बांधलेल्या लीड्स पॅरिश चर्चचे झगेवाले क्वायर पुढे अनेकांनी कित्त्यासारखे गिरवले. आज ज्या झग्याकडे शालीनतेची परमावधी म्हणून पाहिले जाते त्याच पांढऱ्या कापडावरून १८४५ मध्ये एक्झिटर शहरात रस्त्यावर दंगा झाला होता. पाळकाने तो घालून प्रवचन केले, हे निमित्त. लोकांना त्यात रोमचा वास आला.

कॅथलिक बाजूला याहून कडक उपाय सुचवला गेला. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पोप पायस दहावा याने चर्चसंगीतावर जो आदेश काढला त्यात गाणे हे धार्मिक सेवेचे पद ठरवून स्त्रियांना क्वायरमधून वगळले. राहिलेल्या पुरुषांनी झगा घालावा हे योग्य, आणि क्वायर लोकांच्या नजरेत फार येत असेल तर त्यांच्यापुढे जाळी लावावी, असेही त्यात आहे. जाळीमागचे पुरुष! नजर आपल्याकडे ओढली जाऊ नये ही आजच्या प्रत्येक यादीतली चिंता तिथे आहेच, फक्त तेव्हा ती स्त्रीच्या देहाला चिकटलेली नव्हती, कारण स्त्री तिथे नव्हतीच. स्त्रियांना सवलत मिळाली ती १९५५ मध्ये, पायस बाराव्याच्या पत्राने, तीही वेदीच्या आवाराबाहेर उभे राहण्याच्या अटीवर.

अमेरिकेत विसाव्या शतकात झगा प्रोटेस्टंट क्वायरमध्येही सर्रास झाला. १९३०च्या दशकात शिकागोतल्या कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट चर्चमध्ये संगीतकार थॉमस डॉर्सी यांनी गॉस्पेल क्वायरची चळवळ उभी केली, आणि अशा क्वायरची ओळख पुढे झग्यानेच होऊ लागली. माझ्या मते झग्याचा खरा गुण इथे कळतो. आत मोलकरणीचा रोजचा फ्रॉक आहे की शिक्षिकेचा नवा ड्रेस, हे बाहेरून दिसत नाही. पौलाला जे हवे होते ते एका शिंप्याने साधले.

मग हिप्पी आले. कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसाच्या कॅल्व्हरी चॅपलमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस पाळक चक स्मिथ यांनी त्यांना दार उघडे ठेवले. तिथली एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. नवा गालिचा घातला होता, आणि अनवाणी येणाऱ्यांना मज्जाव करणारी पाटी कुणीतरी दाराला लावली. स्मिथ यांनी ती काढून टाकली. पायांपायी पोरे बाहेर राहणार असतील तर गालिचाच उपटू, असा त्यांचा पवित्रा होता. या पोरांनी गिटार आणले, आणि रस्त्यावरच्याच कपड्यांत व्यासपीठावर चढून गायले. १९७१ मध्ये त्याच चर्चमधून ‘मारानाथा’ नावाची संगीतसंस्था निघाली आणि ही गाणी देशभर गेली. त्या वेळी गाणारे आणि ऐकणारे सारख्याच अवतारात असल्याने कुणी कुणाला नियम लावण्याचे कारण नव्हते.

प्रश्न उभा राहिला तो हेच गाणे १९८०-९० च्या दशकांत शर्ट-टायवाल्या जुन्या मंडळ्यांत शिरले तेव्हा. चाळीस जणांचे क्वायर आटले, झगे कपाटात गेले, आणि त्यांच्या जागी माइक हाती धरलेली सहा-सात माणसे उरली. त्यांच्यात स्त्रिया होत्या, अगदी पुढच्या फळीत. वर दिवे, समोर कॅमेरा, मागे पडदा. झग्याने जे एका फटक्यात झाकले होते ते आता कलम कलम करून लिहावे लागले.

काही कलमे तर निव्वळ तांत्रिक आहेत. बारीक चौकटीचा शर्ट कॅमेऱ्यात लहरी मारतो, म्हणून नको. कानातल्या मॉनिटरची, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राची, डबी कमरेला अडकवायची तर पट्टा किंवा खिसा हवा, म्हणून सलग झग्यासारखा ड्रेस गैरसोयीचा. पण कागदावर ही कलमे शालीनतेच्या कलमांत मिसळून जातात, आणि चौकटीचा शर्टही पापासारखा वाटू लागतो. पुरुषांच्या वाट्याला फाटकी जीन्स आणि हाफ पँट एवढेच येते. बाकी यादी मुलींसाठी. किमतीबद्दल तर बहुतेक ठिकाणी चकार शब्द नाही. ती उणीव २०१९ मध्ये ‘प्रीचर्स एन स्नीकर्स’ नावाच्या इन्स्टाग्राम खात्याने भरून काढली. नामवंत पाळकांच्या आणि वर्शिप लीडरांच्या पायांतल्या बुटांचे फोटो, शेजारी त्यांची किंमत. शेकडो, कधी हजारो डॉलर. वेस्लीला हे खाते आवडले असते.

भारतात या प्रश्नाला आणखी एक धार आहे: ठरवणार कोण? गोव्यात १४ एप्रिल १७३६ च्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज धर्मन्यायालयाच्या, फर्मानाने ख्रिस्ती पुरुषांना धोतर आणि स्त्रियांना चोळी घालण्यास बंदी केली. म्हणजे चोळी घालणे हाच गुन्हा, कारण ती ‘हिंदू’ होती. उलट दक्षिणेतल्या त्रावणकोर संस्थानात नाडर जातीच्या ख्रिस्ती स्त्रियांनी छाती झाकली म्हणून उच्चवर्णीयांनी त्यांचे कपडे फाडले. २६ जुलै १८५९ च्या जाहीरनाम्याने झाकायची परवानगी मिळाली, पण उच्चवर्णीय स्त्रियांसारखे नेसू नये ही अट राहिलीच. वसईच्या ख्रिस्ती बायकांनी मात्र लाल लुगडे टिकवून धरले. आज सणाच्या मिस्साला ते पुन्हा मिरवले जाते.

मराठी प्रोटेस्टंटांत हा वाद फारसा पेटला नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नको, असे त्यांनी तिथल्या सिस्टरांना विचारले. केडगावच्या मुक्तिसदनात त्या अखेरपर्यंत पांढऱ्या साडीत राहिल्या. अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तन रुजले होते, रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग होते. कीर्तनकार लोकांसमोर उभा राहून गातो, पण त्याचा वेश परंपरेने ठरलेला. करिंथकरांस पत्रातले मस्तक झाकण्याचे कलम तर पदराने आपोआप पाळले गेले. केरळातल्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांनी पांढरे कपडे आणि अंगावर सोने नाही हा शिरस्ता ठेवला, आणि मुंबईत आलेल्या मल्याळी मंडळ्यांतून तो आपल्याकडेही दिसतो. कॅथलिकांत २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतासाठी बारा मुद्दे मान्य केले, त्यांत युरोपीय झग्यांऐवजी साधा अंगरखा आणि अंगवस्त्र चालेल, पादत्राणे काढून ठेवली तरी चालतील, असे होते.

साडी गेली आणि कुर्ता-जीन्स आली तशी मराठी मंडळ्यांतही यादी आली. पदर होता तेव्हा लिहिण्यासारखे काही नव्हते. आता पाळकसाहेबांनी मुलींना कपड्यांवरून बोलायचे कसे हा अवघड मामला असतो, म्हणून ते काम टीममधल्या एखाद्या ताईवर किंवा पाळकीणबाईंवर येते, आणि साउंडच्या टेबलाशेजारी एखादी जादा ओढणी घडी करून ठेवलेली असते. बऱ्याच टीमांनी अलीकडे वेगळाच तोडगा काढला आहे: सगळ्यांनी सरसकट काळे घालायचे. काळा शर्ट रस्त्यावर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, दिव्यात आरपार दिसत नाही, कॅमेऱ्यालाही चालतो, आणि कुणाचा ब्रँडेड, कुणाचा फॅशन स्ट्रीटचा हे मागच्या बाकावरून ओळखू येत नाही. कुरकुर असते ती फक्त आजीबाईंची, की देवाच्या घरात हे काय सुतक.